डेडहॅमच्या खटल्यातल्या 'पॅरिश'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधल्या डेडहॅम गावच्या वादावर लेख लिहितोय. १८१८ मध्ये तिथल्या 'पॅरिश'ने अल्व्हन लॅमसन या उदारमतवादी तरुणाला पाळक म्हणून बोलवायचं बहुमताने ठरवलं. 'चर्च'च्या सभासदांचं बहुमत मात्र विरोधात. मग इमारत, जमीन, निधी कुणाचा? दोन्हीकडे 'चर्च' लिहिलं तर कोण कुणाशी भांडतंय तेच कळत नाही. 'धर्मग्राम' चालेल का?

उत्तर : आमच्या वसईत 'धर्मग्राम' रोजच्या बोलण्यातला आहे, पण तो कॅथलिक शब्द. त्यात बिशप आला, धर्मप्रांत आला. डेडहॅममध्ये बिशपच नव्हता, तेव्हा नको.

उत्तर : शिवाय तिथली पॅरिश म्हणजे भाविकांचा गट नव्हेच. त्या हद्दीत राहून पाळकाच्या पगारासाठी कर भरणारे सगळे तिच्यात, मग प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेवोत न घेवोत. श्रद्धेची कबुली देऊन प्रभुभोजनात सहभागी होणारे थोडे लोक म्हणजे 'चर्च'. त्यांच्यासाठी आपल्या प्रोटेस्टंटांचा 'मंडळी' हा नेमका शब्द आहे, मराठी बायबलमधला. पॅरिशला 'करदात्यांची सभा' म्हणा, किंवा सरळ 'पॅरिश' ठेवून एकदा समजावून सांगा. मी दुसरं करेन.

प्रश्नकर्ता : 'मंडळी' आवडला. पण 'मंडळी हरली' वाचून लोक हसतील!

उत्तर : हसू द्या की. आणि हरली ती खरीच. १८२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पॅरिशपासून वेगळी झालेली मंडळी कायद्याच्या लेखी उरतच नाही. मालमत्ता पॅरिशकडेच राहणार. म्हणजे मंडळीतले बहुसंख्य उठून गेले तरी रिकाम्या हातांनी. त्यांनी जवळच नवं चर्च उभारलं. हाच निकाल पुढे राज्यातल्या इतर गावांनाही लागू झाला.

उत्तर : इमारतीला त्या काळी 'मीटिंगहाउस' म्हणत, गावाच्या सभाही तिथेच भरायच्या. 'प्रार्थनामंदिर' लिहिलंत तर हा अर्धा अर्थ गळतो. आणि 'डीकन'चं, म्हणजे मंडळीच्या पदाधिकाऱ्याचं, 'सेवक' करू नका. बायबलमध्ये ते ठीक, पण इथे १७५४ च्या कायद्याने मंडळीची मालमत्ता डीकनांच्या नावे असायची. खटलाही बेकर विरुद्ध फेल्स, म्हणजे पॅरिशच्या बाजूचा नवा डीकन विरुद्ध उठून गेलेल्यांचा जुना. 'विश्वस्त' जवळचा पडेल.

प्रश्नकर्ता : 'डीकन (विश्वस्त)' असं पहिल्या उल्लेखात लिहितो, पुढे नुसतं डीकन.