मदत हवी आहे: हंसाच्या पिल्लाचा पंख बाहेर वळलाय
मंडळी, मी मूळची यवतमाळची, सध्या टेक्सासमध्ये. कॉटन पॅच जातीच्या हंसाची चार पिल्लं आणली आहेत. पूर्वी इकडे कापसातलं गवत हेच हंस खायचे, पऱ्हाटीला तोंड लावायचे नाहीत. (आपल्याकडे निंदायला बायका, इथे हंस!) तणनाशकं आली आणि जात दुर्मिळ झाली.

पाच आठवड्यांच्या नराचा डावा पंख मनगटापासून बाहेर वळलाय. पिसांच्या निळसर, जड नळ्या लोंबतात. चूक माझीच, कोंबडीच्या पिल्लांचं जास्त प्रोटीनचं खाद्य भरभरून घातलं. आता ते बंद, दिवसभर गवतावर सोडते. पंख घडी करून मऊ पट्टीने बांधला, तर पठ्ठ्या तासाभरात चोचीने सोडवतो. कुणी बांधलाय का असा? किती दिवस ठेवायचा? रात्री मोकळा करायचा का?