पडवीत आलेला हा पतंग कुठला? (पुस्तकही सुचवा, 500 च्या आत)

पडवीकर: काल रात्री कुडाळला आमच्या पडवीत ट्यूबलाइटखाली बसला होता. फूटपट्टी धरली, पंख पसरून साडेआठ इंच! रंग विटकरी, चारही पंखांवर काचेसारखे त्रिकोण, टोकाला थेट सापाचं तोंड. आई पडवीत पाऊल टाकत नाहीये. कुठला हा? मराठीत एखादं पुस्तक?

नीलवंत: चंद्र पतंग. मी मॅक्रो लेन्सने काढलाय. 40 हजार गेले, पण वसूल. पुस्तकं सोडा, लेन्स घ्या.

ऐनाचं पान: चंद्र पतंग पोपटी असतो हो, मागे लांब शेपट्या. हा टसरचा. आमच्या गडचिरोलीत ऐनावर याचे कोष काढतात.

दोन मिशा: टसरच्या पंखांवर गोल डोळे असतात, त्रिकोण नाहीत. हा अ‍ॅटलास. मिशा बघा. पिसासारख्या रुंद असल्या तर नर, बारीक असल्या तर मादी.

मालवणी माणूस: आमच्या खळ्यात गेल्या साली इल्लो. सुपाएवढो!

काटेकोर: अ‍ॅटलास म्हणू नका. तो हिमालयाकडचा नि ईशान्येचा. सह्याद्रीतला तो अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं ग्रीक नाव.

मालवणी माणूस: बरां सर. आवशीक सांगतंय.

गोडघाशी: बशीत साखरपाणी ठेवा, बिचारा उपाशी असेल.

दोन मिशा: त्याला खायला तोंडच नसतं! अळी असताना खाल्लं त्यावरच आठ-पंधरा दिवस काढतो. दिवा बंद करा, जाईल आपोआप. पुस्तकही नको, मॉथ्स ऑफ इंडिया हे संकेतस्थळ फुकट आहे.

नीलवंत: ऑफरमध्ये 36 ला मिळेल लेन्स.

पडवीकर: मिशा बारीक, पोट गुबगुबीत. म्हणजे मादी. आणि सकाळी पडद्यावर साबुदाण्याएवढी तांबूस अंडी!

ऐनाचं पान: पडदा बाहेर झटका.

दोन मिशा: झटकू नका! अंडी चिकटलेली असतात. तेवढा तुकडा कापून दालचिनीच्या नाहीतर पेरूच्या फांदीला बांधा. नराशी गाठ पडली नसेल तर मात्र फुटायची नाहीत.

काटेकोर: मी वर टॅप्रोबॅनिसच म्हटलं होतं.

पडवीकर: पडदा तसाच ठेवलाय, दिवाही चालू. गणपतीआधी धुवायचा होता, पण कालपासून घाबरलेली आईच आता म्हणते, "बाळंतीण आहे ती, हलवू नको." पुस्तक राहू दे. 500 मध्ये दोन पडद्यांचं कापड कुठे मिळेल?