सिव्हिल झालं, पहिली नोकरी साइटवर घेऊ की ऑफिसात?

बार्शीची सिव्हिल (प्रश्न)

नमस्कार. यंदा बी.ई. सिव्हिल झाले. दोन ऑफर हातात आहेत. एक पुण्यात रावेतला बारा मजली इमारतीवर ज्युनिअर साइट इंजिनिअर, १८ हजार आणि राहायची सोय. दुसरी डेक्कनला ड्रॉइंग ऑफिसात, ऑटोकॅडचं काम, २१ हजार. घरचे म्हणतात दोन्ही सोड, एमपीएससी कर. काकांचं म्हणणं, साइट हे मुलींचं काम नाही. साइटवाले दोन वर्षांचा बाँड आणि ओरिजिनल मार्कशीट मागतायत. सोमवारपर्यंत कळवायचंय. आपल्या कॉलेजचं जुनं कोणी असेल तर कृपया सांगा.

जुना विद्यार्थी, २००१ बॅच

साइट घे. पण मार्कशीट देऊ नकोस. ओरिजिनल दाखव, झेरॉक्स दे आणि ओरिजिनल परत पिशवीत ठेव. माझे कागद पहिल्या ठिकाणी अडकले होते. सोडताना पाच महिने हेलपाटे घातले आणि तेवढ्यात हातची चांगली नोकरी गेली.

आता साइट का, ते सांगतो. २००२ चा मे महिना, भोसरीची साइट. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. मिक्सर लागलेला, माणसं सकाळी सातपासून उभी, काँक्रीट ओतायची परवानगी देणाऱ्या पोअर कार्डवर फक्त माझी सही राहिलेली. फिटर म्हणाला, "साहेब, सगळं झालंय." मी जिन्यापाशी उभं राहून नजर टाकली, सळयांची जाळी बांधलेली दिसली, सही करून टाकली. चौदा दिवसांनी सेंट्रिंग, म्हणजे खालच्या प्लेटा आणि टेकू, उतरवलं तर मागच्या खोलीच्या छताला सळयांच्या रेघा उघड्या दिसत होत्या. तिथे कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी प्लेटपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, लावलेच नव्हते, जाळी सरळ प्लेटवर टेकलेली. कन्सल्टंट मला एक शब्द बोलले नाहीत. हातात हातोडी दिली आणि म्हणाले, ठोकून बघ, कुठे पोकळ वाजतंय ते खडूने मार्क कर. दिवसभर मान वर करून मी ते छत ठोकलं. भरीव जागी टणटण वाजायचं, पोकळ जागी भद्द. संध्याकाळी निम्मं छत खडूने भरलं होतं. दुरुस्तीत दहा दिवस गेले.

तेव्हापासून जाळीखाली बोट घालून पाहिल्याशिवाय मी सही करत नाही. स्लॅबला २० मिमीचा ब्लॉक असतो, तेवढ्यात माझं बोट जातं. हे ड्रॉइंग ऑफिसात शिकायला मिळत नाही. तिथे कागदावर बीम-कॉलमच्या सांध्यात आठ सळया छान बसतात, पण काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल त्यातून खाली कशी जाणार हे साइट पाहिलेल्यालाच सुचतं. दोन वर्षं साइट कर, मग खुशाल डिझाइनला जा. तुझी ड्रॉइंग्ज वेगळी दिसतील.

एक शंभर पानी वही घे, ऑफिसची नाही, स्वतःची. रोज काय भरलं, किती घनमीटर, काँक्रीटची गाडी प्लांटवरून कधी सुटली आणि कधी रिकामी झाली, सगळं लिही. स्टीलचं वजन तोंडी काढायला शीक: मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिमीची १२ मीटर सळई साधारण १०.६७ किलो भरते. काट्यावर घालून बघ, मग बिल तपासताना तुला कोणी फसवणार नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातलं सेंट्रिंग काढण्याचं वेळापत्रक पाठच कर. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४. सहा मीटरवरच्या बीमला २१. पुढच्या मजल्याला प्लेटा हव्यात म्हणून चौथ्या दिवशी टेकू काढायची घाई करणारे तुला भेटणारच आहेत.

तीन हजारांचा फरक मनातून काढ, राहायची सोय धरली तर साइटच परवडते. हो म्हणण्याआधी एवढंच विचार: माझ्यावर सीनिअर कोण, आणि तो रोज साइटवर असतो का. शिकवणारा नसेल तर मात्र साइटवर वर्ष फुकट जातं.

साइटवरची ताई, २०१४ बॅच

दादांशी सहमत, पण एक राहिलं. जायच्या आधी साइट डोळ्यांनी बघून ये. बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, त्याला आतून कडी आहे का, राहायची खोली कुठे आहे आणि रात्री स्लॅब चालला तर सोडायला गाडी मिळते का. हे विचारायला लाजू नकोस. माझ्या पहिल्या साइटवर टॉयलेट नव्हतं, मी दिवसभर पाणी प्यायचे नाही, शेवटी आजारी पडले. तेव्हाच भांडायला हवं होतं.

आणि काकांना सांग, मुकादम आधी ऐकत नाहीत हे खरं, पण काम येतंय दिसलं की ऐकतात. काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब मी स्वतः भरायला बसायचे. तीन थर, प्रत्येक थराला ३५ ठोके, मोठ्याने मोजून. पंधरवड्यात "मॅडमना विचारा" सुरू झालं.

एमपीएससीवाला

मी तीन वर्षं फक्त अभ्यास केला, पद मिळालं नाही. अभ्यास वाया गेला असं म्हणत नाही, पण जाहिरात कधी निघेल हे आपल्या हातात नसतं आणि मुलाखतीला गेलो की "मधली तीन वर्षं काय केलंत?" एवढंच विचारायचे. आधी नोकरी धर. परीक्षेचं वय लगेच निघून जात नाही.

बार्शीची सिव्हिल

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाबांना घेऊन रावेतला जाऊन आले. टॉयलेट आहे, कडीही आहे. सीनिअर म्हणून पन्नाशीतले एक साहेब आहेत, ते रोज असतात. झेरॉक्स चालेल म्हणाले. बाँडवर मात्र अडून बसलेत.

जुना विद्यार्थी, २००१ बॅच

बाबा सोबत आले, फार बरं झालं. बाँडमध्ये रक्कम किती लिहिलीय, नोटीस किती दिवसांची आहे आणि ती रक्कम कशापोटी मागतायत, ती कलमं इथे टाक. कंपनीचं नाव झाकून टाक. उद्या रात्री वाचून सांगतो, तोवर सही करू नकोस.