पी-टू-पी कर्जावरचं बांधकाम: साइटवर खरं काय चाललंय हे कर्ज देणाऱ्यांना सांगायलाच हवं का?

थेम्सकाठी (रेडिंग)

इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींनी एप्रिल २०१६ पासून मिळू लागलेल्या इनोव्हेटिव्ह फायनान्स आयसा या करमुक्त गुंतवणूक खात्यामधून पी-टू-पी (म्हणजे बँकेऐवजी लोकांनीच लोकांना कर्ज द्यायच्या) कंपन्यांमार्फत छोट्या बिल्डरांना कर्जं दिली आहेत. कंपनी मध्यस्थ, पैसे आपले, जागा गहाण. मीही देतो. या कर्जाची रक्कम बिल्डरला एकदम मिळत नाही. जितकं काम झालं तितका हप्ता सुटतो, आणि किती झालं हे मॉनिटरिंग सर्व्हेअर साइटवर जाऊन ठरवतो. माझं म्हणणं असं की त्याचा अहवाल पूर्णच्या पूर्ण प्रत्येक कर्ज देणाऱ्याला मिळाला पाहिजे. दोन ओळींचा सारांश पुरे नाही.

कारण सांगतो. घरकर्ज घेतलेल्या माणसाची नोकरी गेली की हप्ता चुकतो आणि बँकेला लगेच कळतं. बांधकामाच्या कर्जात सहसा चुकायला मासिक हप्ताच नसतो. व्याज एक तर मुद्दलात चढत जातं, नाहीतर पहिल्याच दिवशी कर्जातून कापून बाजूला ठेवतात आणि त्यातूनच आपल्याला महिन्याच्या महिन्याला देतात. खात्यात जमा होणारं ते व्याज आपल्याच पैशातलं असतं. साइटला कुलूप असलं तरी येत राहतं. कर्ज सडतंय हे मुदत संपेपर्यंत कुठल्याच जमाखर्चात दिसत नाही, फक्त साइटवर दिसतं. आणि साइट आपल्याला दाखवत नाहीत.

माझं एक कर्ज उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या कापडगिरणीवर होतं, तिचे फ्लॅट करायचे होते. कंपनीकडून दर वेळी तेच: "काम समाधानकारक, थोडा उशीर अपेक्षित." सोबत फोटो. लागोपाठचे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर तेच प्लायवुड, फाटकापाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले तेच काँक्रीटचे ब्लॉक. शेवटच्या फोटोत त्या ब्लॉकांभोवती गुडघाभर गवत. या दरम्यान बिल्डरला पुढचा हप्ता दिला गेला होता. कशाच्या आधारावर, असं विचारल्यावर उत्तर आलं की सर्व्हेअरचा अहवाल गोपनीय आहे. पैसे ज्यांचे, त्यांच्यापासूनच गोपनीय!

मोजणीदार (बर्मिंगहॅम)

गवताचं वाचून वाईट वाटलं, पण मागणीशी पूर्ण असहमत. मी क्वांटिटी सर्व्हेअर, म्हणजे बांधकामाचं काम आणि खर्च मोजणारा, आहे आणि असे अहवाल लिहिणं हे माझं रोजचं काम आहे.

अहवाल ज्याच्या नावे असतो त्याच्यापुरतीच आमची जबाबदारी असते, आणि आमचा व्यावसायिक विमाही त्याच हिशेबाने उतरवलेला असतो. तोच कागद हजार जणांच्या हाती जाणार म्हटल्यावर विमा कंपनी पहिली सूचना करेल ती शब्द जपून वापरण्याची. आज मी सरळ लिहितो की "छताचं काम निकृष्ट आहे, हप्ता रोखावा." उद्या तिथे "काही बाबींकडे लक्ष देणे आवश्यक" असं गुळमुळीत वाक्य येईल. तुम्हाला कागद मिळेल आणि त्यातला जीव जाईल.

दुसरं कारण याहून मोठं. अहवालात कंत्राटदाराचे दर असतात, अनपेक्षित खर्चासाठी राखलेल्या रकमेतले किती उरले तेही असतं. पी-टू-पीमध्ये शे-दोनशे पौंड टाकले की कोणीही कर्ज देणारा होतो, प्लंबिंगचा ठेकेदारसुद्धा. राखीव रकमेत दीड लाख शिल्लक आहेत हे त्याला कळलं, की महिन्याभरात दीड लाखाचं "जादा काम" निघालंच म्हणून समजा. ते नुकसान तुमचंच.

आणि फोटोंवरून प्रगती मोजू नका, दोन्ही बाजूंनी फसाल. सांगाडा उभा राहून छप्पर चढलं की इमारत बाहेरून झाल्यासारखी दिसते, पण वायरिंग, प्लंबिंग, लिफ्ट, स्वयंपाकघरं, आगीपासूनची व्यवस्था, वीज-पाण्याची जोडणी, बाहेरचा रस्ता हे सगळं बाकी असतं आणि खरा खर्च बहुतेकदा तिथेच असतो. आम्ही साइटवर काय बघतो त्याचं एक उदाहरण देतो. बिल्डर म्हणाला, चाळीस खिडक्या आल्या, पैसे द्या. मी त्या मोजतो. गोदामात असतील तर गोदामात जातो. मग पावती कोणाच्या नावे आहे आणि पुरवठादाराला पैसे पोचलेत का ते विचारतो, कारण पोचले नसतील तर करारातल्या अटीनुसार तो खिडक्या परत उचलून नेऊ शकतो. असल्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत.

बाणेरकर (पुणे)

भारतात आरबीआयच्या ऑक्टोबर २०१७ च्या नियमांनी पी-टू-पी म्हणजे बिनतारणी कर्ज, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने, आणि एका कर्जदाराला एका देणाऱ्याकडून ५०,००० रुपयेच. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे याच रूपात येत नाही. पण बांधकामात पैसे घालणाऱ्याला प्रगती दाखवावी का, याचं उत्तर महाराष्ट्रात कायद्याने देऊन झालंय. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली ग्राहकांकडून आलेल्या पैशाचे ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून काढायचे तर काम किती टक्के झालं याबद्दल इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए अशा तिघांचे दाखले. दर तिमाहीला प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर, कोणालाही पाहता येईल अशी. मी सीए आहे, असे दाखले दिले आहेत. सगळं उघडं असल्याने कोणाचा विमा बुडाला नाही की ठेकेदारांनी लूटही केली नाही. तेव्हा मोजणीदारांची भीती मला अवास्तव वाटते.

मोजणीदार

@बाणेरकर, तुमच्या तिमाही माहितीत किती टक्के काम झालं आणि किती खर्च झाला ते येतं. कंत्राटदाराचा बाबवार दर येतो का? नाही ना. मग तुलना चुकीची आहे. शिवाय ते तिघेही दाखले देणारे बिल्डरनेच नेमलेले असतात.

बाणेरकर

तिघांना बिल्डर नेमतो हे खरं, आणि ती रेरातली दुखरी जागा आहे. पण इंग्लंडात तरी सर्व्हेअरची फी शेवटी कोणाच्या खिशातून जाते? बहुतेक वेळा कर्जदाराच्याच ना?

मोजणीदार

फी कर्जदार भरतो, नेमणूक कर्ज देणाऱ्याची. माझी बांधिलकी नेमणाऱ्याशी. हप्ता रोखा असं लिहिल्यावर बिल्डरचे रागावलेले फोन मलाच येतात, आणि तरी मी तसं लिहितो.

अनघा_लेस्टर

चर्चा विमा आणि दाखल्यांत अडकली आहे. खरी अडचण वेगळीच आहे आणि ती फक्त पी-टू-पीची आहे.

बँक कर्ज देते तेव्हा पूर्ण रक्कम तिच्याकडे तयार असते. पी-टू-पीत मोठं कर्ज बऱ्याचदा टप्प्यांनी उभं राहतं. पहिल्या टप्प्याचे पैसे आज जमतात, पुढच्याचे चार महिन्यांनी, लोकांनी दिले तर. आता थेम्सकाठी म्हणतात तसा पूर्ण अहवाल सगळ्यांना पाठवला आणि त्यात "खर्च वाढलाय, तीन महिने उशीर" असं आलं. पुढचा टप्पा कोण भरणार? कोणीच नाही. काम थांबलं, कंत्राटदार निघून गेला. मग रिसीव्हर (वसुलीसाठी मालमत्ता ताब्यात घेणारा) नेमून अर्धवट इमारत विकायची, आणि अर्धवट इमारतीला गिऱ्हाईक मिळतं ते पडेल भावात, कारण दुसऱ्याने केलेल्या कामाची हमी घ्यायला कोणी तयार नसतं. तीन महिने उशीर झालेला, पण पूर्ण होऊ शकणारा प्रकल्प फक्त बातमीमुळे मरेल. अशा वेळी कंपनीने शांतपणे बिल्डरशी बोलून, त्याला स्वतःचे पैसे घालायला लावून काम पुरं करून घेणं हेच सगळ्यांच्या हिताचं. त्यासाठी थोडी गुप्तता लागते. मी दिलेल्या कर्जांपैकी काही अशी रखडून शेवटी पूर्ण वसूल झाली आहेत.

थेम्सकाठी

अनघाताई, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे, म्हणून त्यालाच आधी उत्तर देतो.

बातमी दाबून पुढचा टप्पा भरून घेतला, तर तो भरणाऱ्यांचं काय? खर्च वाढलाय हे कंपनीला ठाऊक, बिल्डरला ठाऊक, आणि नवीन पैसे टाकणाऱ्यालाच ठाऊक नाही. जुन्यांचे पैसे वाचावेत म्हणून नव्याला अंधारात ठेवायचं, याला माझी तयारी नाही, जुन्यांत मी स्वतः असलो तरी. पोर्ट्समथच्या लेंडी या पी-टू-पी कंपनीचं उदाहरण ताजं ठेवायला हवं. १२ टक्क्यांपर्यंत व्याज, काउज वीकसारख्या नामांकित नौकाशर्यतींचं प्रायोजकत्व. मे २०१९ मध्ये ती बुडून प्रशासकांच्या हाती गेली तेव्हा सुमारे १६ कोटी पौंडांची कर्जं येणं होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त थकलेली. पी-टू-पीला ठेवविम्याचं संरक्षण नाही, त्यामुळे लोकांना वर्षानुवर्षं प्रशासकांच्या पत्रांची वाट पाहावी लागली. त्याच डिसेंबरात एफसीए या ब्रिटिश वित्तीय नियामकाने नवख्यांना गुंतवणूकयोग्य पैशाच्या १० टक्क्यांवर पी-टू-पीत घालायला बंदी केली. चांगलंच केलं, पण त्या नियमाने नुकसानीला मर्यादा पडते, साइटवर काय चाललंय ते कळत नाही.

मोजणीदारांनी दरांचं सांगितलं ते मला पटतं. बाबवार दर आणि राखीव रकमेचा आकडा झाका. पण एवढं तरी द्या: न सोडलेली रक्कम किती, काम पुरं करायला आणखी किती लागणार, आणि सर्व्हेअरच्या मते पूर्ण कधी होणार. समजा २० लाख पौंडांच्या कर्जातले १४ लाख गेले. ६ लाख उरले आणि उरलेलं काम ८ लाखांचं आहे. ते वरचे २ लाख कुठून येणार, हे माझ्या दृष्टीने त्या कर्जातलं एकमेव महत्त्वाचं वाक्य आहे. "७० टक्के काम झालं" हे ऐकून मला काहीच कळत नाही.

मोजणीदार

एवढंच मागत असाल तर माझा विरोध मावळला. उरलेल्या कामाचा खर्च हाच आमच्या अहवालाचा गाभा असतो. फक्त तो आकडा माझ्या सहीने नको, कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा. आणि उशीर दिसला की बिल्डर चोर असं धरू नका. १८ मीटर वा त्याहून उंच किंवा सात वा अधिक मजल्यांच्या निवासी इमारतींना २०२३ पासून काम सुरू करण्याआधी सुरक्षा नियामकाची मंजुरी लागते, आणि तिथे महिनेच्या महिने जातात.

कोल्हापुरी_इन_केंट

एवढा खटाटोप कशाला? शंभर कर्जांत थोडे थोडे टाका, चार बुडाली तरी बाकीची तारतील. मी एकही बातमी वाचत नाही.

थेम्सकाठी

@कोल्हापुरी_इन_केंट, घरांची विक्री मंदावते किंवा बांधकामाचा खर्च वाढतो तेव्हा त्याचा फटका शंभराही साइटना एकदमच बसतो. एकाच धंद्यातली शंभर कर्जं म्हणजे विभागणी नव्हे. वाचायचं नसेल तरी निदान महिन्यातून एकदा कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदवहीत) बिल्डरच्या कंपनीवर नवीन बोजा चढलाय का ते बघा, फुकट आहे. कौन्सिलच्या नियोजन विभागाच्या पानावर परवानगीच्या अटी पूर्ण झाल्याचे अर्ज दिसतात. माझ्या गिरणीच्या बाबतीत काम सुरू करण्यापूर्वीच्या अटींपैकी एक अजून प्रलंबित होती, हे मला तिथेच कळलं. कंपनीच्या बातम्यांत त्याचा उल्लेखही नव्हता.

नाशिकची_सून (हॅरो)

एक राहिलं. बऱ्याच ठिकाणी आपला हिस्सा दुसऱ्या सभासदाला विकता येतो. अहवाल आला की रात्रीच वाचणारा सकाळी विकून मोकळा होणार आणि न वाचणाऱ्याच्या गळ्यात पडणार. माहिती उघड करायची तर ती आली त्या क्षणापासून काही दिवस त्या कर्जाची खरेदी-विक्री बंद ठेवा. नाहीतर हुशार लोक साध्या लोकांना लुटतील, तेही नियमात राहून.

थेम्सकाठी

अगदी मान्य. हे मूळ मागणीत घालायलाच हवं.

अनघा_लेस्टर

माझा प्रश्न अजून उभाच आहे. नव्या माणसाला अंधारात ठेवू नये हे मान्य. पण मग आकडे उघडे झाल्यावर पुढचा टप्पा भरणार नाही, हेही मान्य करा. यातून सुटका एकच: पहिला पौंड सोडण्याआधी पूर्ण रक्कम बांधून घ्यायची, सभासदांकडून नाहीतर एखाद्या मोठ्या संस्थेकडून. ते फुकट होत नाही. पडून राहिलेल्या पैशाचीही किंमत द्यावी लागते. आज ११ टक्के मिळतात तिथे ८ मिळतील आणि निम्मे प्रकल्प उभेच राहणार नाहीत. चालेल का?

थेम्सकाठी

मला चालेल. पुढचे पैसे येणार की नाही हे ठाऊक नसताना पाया खणायचा, ही जोखीम त्या ११ टक्क्यांत धरलेलीच नाही, ती आपण न विचारता उचलतोय. उभे न राहणारे निम्मे प्रकल्प कोणते असतील याचा मला अंदाज आहे.

अनघा_लेस्टर

आणि माझा अंदाज वेगळा आहे. लेस्टरमध्ये पाच-सहा घरं बांधणारा छोटा बिल्डर बँकेच्या दारातूनच परत येतो. पूर्ण रक्कम आधी बांधायची अट घातली तर पहिला तोच बाहेर पडेल, तुमचा गिरणीवाला नव्हे. माझे पैसे अशाच लोकांकडे आहेत आणि त्यांच्या साइटवर मी स्वतः जाऊन येते. आकडे दाखवा याला माझी हरकत नाही. टप्पे बंद करा याला आहे.