'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम'ला मराठीत काय म्हणावे?

पवईकर: आमच्या सॉफ्टवेअर टीमची कार्यपद्धती मराठीत लिहिताना या शब्दापाशी मी अडले आहे. बंद पडलेली यंत्रणा पूर्ववत झाल्यावर, कोणाला दोषी न ठरवता कारणे शोधण्याची ही बैठक. एट्सी या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीतील जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ साली तिच्याविषयी लिहिले आणि पुढे ती अनेक ठिकाणी रूढ झाली. मी 'निर्दोष शवविच्छेदन' असे लिहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने त्याचा अर्थ 'अचूक केलेले शवविच्छेदन' असा लावला, आणि तो बरोबरच होता.

गिरगावकर: 'दोषारोपविरहित घटनाचिकित्सा' म्हणावे. सावरकरांनी घडवलेला 'महापौर' आज कोणाच्या तोंडी जड वाटतो?

लालबागची वाचक: काका, मुंबईतल्या कोणत्याही ऑफिसात बैठकीच्या निरोपात हा शब्द कोणी लिहिणार नाही. 'पंचनामा' का नको? जागेवर जे दिसले तेवढेच पंचांसमोर नोंदवायचे, निवाडा करायचा नाही, हा त्याचा मूळ अर्थ इथे नेमका बसतो.

मालाडवासी: मूळ अर्थ बसतो, पण आज 'तुझा पंचनामा करतो' ही धमकी आहे. माझ्या अनुभवात प्रश्न नावापेक्षा क्रियापदाचा असतो. एका शुक्रवारी रात्री आमच्याकडे पैसे भरण्याची सोय पाऊण तास बंद पडली. वरिष्ठांनी बैठकीत येताच "हे कोणी केलं?" असे विचारले आणि सगळे लॅपटॉपकडे पाहू लागले. सोमवारी टीम लीड बाईंनी तोच प्रश्न "हे कसं झालं?" असा विचारला, तेव्हा सर्वांत नवखा मुलगा म्हणाला, "माझ्या हातून चाचणीची फाइल चालू सर्व्हरवर गेली." चाचणीची आणि चालू, अशा दोन्ही फायलींचे नाव एकच होते आणि पडद्यावरच्या त्यांच्या खिडक्या एकाच काळ्या रंगाच्या होत्या, हे त्यानंतरच कळले. त्या दिवशी नावे बदलली, चालू सर्व्हरच्या खिडकीला लाल पट्टी आली. 'मी पाठवली' हे त्याला जड गेले असते. 'माझ्या हातून गेली' या रचनेत कबुलीही आहे आणि बोलायला जागाही आहे.

गिरगावकर: हीच रचना मला धोक्याची वाटते. लोकल रखडली की "तांत्रिक बिघाडामुळे" अशी घोषणा होते, कर्ता कुठेच नसतो. टीमने ही भाषा उचलली, तर जबाबदारी घेणार कोण?

मालाडवासी: 'हातून' या शब्दात हात कोणाचा ते सांगावेच लागते, घोषणेत हातच नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

लालबागची वाचक: मग 'बिनठपक्याची बैठक' म्हणा. ठपका ठेवतात, खापर फोडतात, बोल लावतात. मराठीत दोष देण्याचे इतके प्रकार आहेत की नकारही त्यांतूनच घ्यावा.

गिरगावकर: 'बिन' हा उपसर्ग व्याकरणाच्या पुस्तकांत फारसी उपसर्गांत धरतात.

लालबागची वाचक: 'बिनचूक' आणि 'बिनविरोध' आपणही लिहिता, काका. आणि 'खापर फोडणे' हे अंत्यविधीत फोडतात त्या मडक्यावरून आले असावे, असे मला वाटते. म्हणजे 'पोस्टमॉर्टेम'शी त्याचे नाते जुळते.

गिरगावकर: तसे नसावे. संस्कृत 'खर्पर' म्हणजे मडक्याचा तुकडा, खापर त्यावरून आले. विधीचा संबंध मला ओढूनताणून लावलेला वाटतो.

पवईकर: मसुदा शुक्रवारी द्यायचा आहे. तूर्त शीर्षकाची जागा रिकामी ठेवून खाली पहिला प्रश्न 'हे कसं झालं?' असा लिहिला आहे.

गिरगावकर: लेखी मराठीत 'कसे झाले' असे हवे.