सीआरपी ८.२ आलंय, कुणी सांगेल का?

ए-२०३ वहिनी: ह्यांचा चेकअपचा रिपोर्ट आलाय. एचएस-सीआरपी ८.२, पुढं लाल अक्षरात ‘हाय रिस्क’. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हार्टचं काय असंल का ओ?

बी-१०४: सीपीआरला न्या की लगेच! गाडी काढू?

बी-३०१ काका (लॅबवाले): थांबा जरा. सीपीआर आपला कोल्हापूरचा सरकारी दवाखाना, हे सीआरपी; एचएस म्हणजे ते अगदी थोडं असलं तरी मोजणारी टेस्ट. रक्तातलं प्रथिन आहे, शरीरात कुठं सूज किंवा इन्फेक्शन असलं की लिव्हर ते जास्त तयार करतं. सूज कुठं आहे हे आकडा सांगत नाही. वहिनी, छातीत दुखणं, दम, हाताला कळ, असलं काही? असेल तर ग्रुपवर बोलत बसू नका, आत्ता ईसीजीला निघायचं.

ए-२०३ वहिनी: नाही ओ, सकाळीच हे रंकाळ्याला फेरी मारून आले. ह्यांची दाढ तेवढी सुजलीय, गोळ्या चालू आहेत.

बी-३०१ काका: दाढेनंही आकडा चढतो. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली हार्टचा धोका कमी, ३ च्या वर जास्त हा हिशोब तब्येत बरी असतानाचा. दाढ पूर्ण बरी होऊ दे, मग दोन आठवड्यांनी परत करा.

सी-२०२ ताई: माझं ०.४ आहे, म्हणजे चांगलं ना?

बी-३०१ काका: युनिट बघा ताई. डेसिलिटरला ०.४ म्हणजे लिटरला ४.

सी-२०२ ताई: अगंबाई, डेसिलिटरच लिहिलंय. दाखवते डॉक्टरांना.

बी-१०४: मग ही टेस्ट करायचीच कशाला?

बी-३०१ काका: कामाची आहे. २००८ साली ज्युपिटर नावाचा अभ्यास आला, जवळपास १७,८०० माणसं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३० च्या आत, पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त. रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, स्ट्रोक कमी झाले. गोळी द्यायची का नको अशा काठावरच्या पेशंटला डॉक्टर ह्याचा आधार घेतात. पण बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आधी बघायचं. वहिनी, त्याच रिपोर्टात एलडीएल किती आहे?

ए-२०३ वहिनी: १७४. ते लाल नव्हतं म्हणून बघितलंच नाही.

बी-३०१ काका: मला त्याचीच जास्त काळजी वाटते. आणि बीपी?

ए-२०३ वहिनी: परवा १५० होतं. गोळी नको म्हणतात. मिसरी पण सुटंना.

बी-३०१ काका: उद्या सगळी पानं घेऊन डॉक्टरांकडं जाऊ. मी येतो, भावजींशी मीच बोलतो.

ए-२०३ वहिनी: साडेदहाला खाली थांबते. तुमचं ऐकतील ते.