परदेशी सांस्कृतिक केंद्रांनी महिन्याचा अर्धा कार्यक्रम स्थानिक कलाकारांना द्यावा का?

रंगवेडा (धागाकर्ता)

परदेशी सांस्कृतिक केंद्राचं महिन्याचं पत्रक कुठल्याही शहरात हातात घ्या, साचा ठरलेला. एक चित्रपट, एक मैफल, एक प्रदर्शन, जमलं तर अभिवाचन, आणि शेवटच्या पानावर भाषावर्गाच्या नव्या तुकडीची जाहिरात. प्रवेश बहुधा मोफत. या फुकट खुर्च्यांचा मी जुना लाभार्थी आहे, तरीही तक्रार करतोय.

ज्या शहरात केंद्र आहे तिथला कलाकार या पत्रकात असतो कुठे? असलाच तर पाहुण्या वादकाच्या शेजारी, 'जुगलबंदी' नावाखाली, एकाच तालमीनंतर उभा केलेला. किंवा समोर, प्रेक्षकांत. 'देवाणघेवाण' हा शब्द प्रत्येक पत्रकावर छापलेला असतो, पण देवाण दिसते आणि घेवाण दिसत नाही. माझा प्रस्ताव साधा आहे. महिन्यातल्या निम्म्या तारखा स्थानिक कलाकारांना द्या. दालन, प्रकाशयोजना, मानधन, सगळं पाहुण्यांच्या बरोबरीनं. केंद्रानं फक्त यजमान व्हायचं.

बोला.

स्पष्टवक्ती

अजिबात पटलं नाही. आलिआन्स फ्रांसेज १८८३ साली निघाली ती फ्रेंच भाषेच्या प्रसारासाठी. ब्रिटिश कौन्सिल १९३४ ची, जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ ची. यांतल्या कुणीही आपला हेतू लपवलेला नाही. आमची भाषा शिका, आमचं साहित्य वाचा, आमच्याबद्दल बरं मत ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं. पैसा त्यांच्या करदात्यांचा नाहीतर भाषावर्गाच्या फीचा. त्यावर तुम्ही पन्नास टक्के आरक्षण कुठल्या हक्कानं मागता?

आणि प्रेक्षक म्हणून माझा विचार करा. स्थानिक नाटक मला एरवीही बघता येतं. एखादा पोर्तुगीज किंवा चेक माहितीपट मोठ्या पडद्यावर, नीट सबटायटल्ससह, मला दुसरं कोण दाखवणार? दुसऱ्याकडे जेवायला जायचं आणि आपलाच डबा उघडून बसायचं, असला हा प्रकार.

पडद्यामागचा

अशा एका केंद्रात (नाव नको) काही वर्षं कार्यक्रमांचं काम केलंय. महिन्याचं पत्रक कसं बनतं ते सांगतो, म्हणजे वाद जरा जमिनीवर येईल.

सगळ्यात आधी राष्ट्रीय दिन आणि दूतावासाच्या तारखा बसतात. त्यांना कुणी हात लावत नाही. मग मुख्यालयानं ठरवलेलं वर्ष. २०२० मध्ये बेथोव्हेनची २५० वी जयंती होती, तर जर्मन केंद्रांच्या नियोजनात बेथोव्हेन हवाच. मग दौरे. चार वादकांचा एखादा ताफा या भागात येणार असेल तर तीन-चार शहरांतली केंद्रं विमानखर्च वाटून घेतात, त्यामुळे तारीख तुमच्या हातात नसते. मिळेल ती घ्यायची. चित्रपट सगळ्यात सोपा, कारण ना-नफा प्रदर्शनाचे हक्क मुख्यालयानं आधीच घेतलेले असतात. पेटी उघडायची आणि लावायचा. म्हणून दर महिन्याला चित्रपट असतोच, आवड म्हणून नव्हे.

इतकं झाल्यावर ज्या फटी उरतात त्यांत स्थानिक कलाकार. 'मंगळवारची तारीख रिकामी आहे, करता का काही?' असा फोन जातो. मानधनाचा रकाना रिकामा असतो, 'व्यासपीठ मिळेल' म्हणतात. रंगवेडा यांची चिडचिड मला कळते. पण निम्म्या तारखा मागून ती जाणार नाही. निम्म्या तारखा म्हणून त्या फटीच देतील, आणि मानधनाचा रकाना रिकामाच राहील.

महिनाअखेरच्या अहवालात पहिला रकाना उपस्थितीचा असतो, हेही नोंदवून ठेवतो. मैफलीत कोण काय शिकलं याला रकाना नाही.

रंगवेडा

स्पष्टवक्ती, हक्क कुठला विचारता, तर इतिहास बघा. या केंद्रांच्या हातून झालेला सर्वांत मोठा कार्यक्रम कुठला, असं मला विचाराल तर मी तेहरान म्हणेन. ऑक्टोबर १९७७. शहाची, म्हणजे इराणच्या राजाची राजवट, कडक सेन्सॉरशिप. इराणी लेखक संघानं गोएथे इन्स्टिट्यूटबरोबर सलग दहा रात्री काव्यवाचन आणि भाषणं ठेवली. साठेक कवी-लेखक बोलले, हजारो लोक ऐकायला आले, सेन्सॉरशिपविरुद्ध उघड बोललं गेलं. पुढच्या दीड वर्षात शहा गेला. त्या रात्रींमुळे गेला असं मी म्हणत नाही, पण इराणच्या आधुनिक साहित्याबद्दल बोलणारा कुणीही त्या दहा रात्री वगळत नाही. त्यात जर्मन काय होतं? जागा आणि आसरा. मंचावर सगळे इराणी.

तीच गोष्ट चिलीची. पिनोचेच्या हुकूमशाहीत सांतियागोमधल्या परदेशी संस्थांनी तिथल्या प्रयोगशील कलाकारांना जागा दिली. चिली-फ्रान्स व्हिडिओकला महोत्सव १९८१ पासून भरायचा. केंद्राची खरी ताकद कुठे असते ते यावरून कळतं. पाहुण्या देशाचा झेंडा वर असतो म्हणून यजमान देशाचा पोलीस दारात जरा थबकतो. ही ताकद ज्याच्याकडे आहे त्यानं ती फक्त स्वतःचे चित्रपट लावायला वापरायची?

तिरकस

तेहरानची गोष्ट अर्ध्यावर का सोडली? १९८७ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर रुडी कारेल नावाच्या करमणूककारानं इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांच्यावर काही सेकंदांचा विनोद केला, आणि इराणनं तेहरानचं गोएथे इन्स्टिट्यूट बंद केलं. त्या इमारतीतल्या कुणाचाही त्या विनोदाशी संबंध नव्हता. म्हणजे झेंडा आसरा देतो आणि झेंड्यामुळेच टाळंही लागतं. अशा दालनावर निम्मा महिना विसंबून राहणारा स्थानिक कलाकार उद्या कुठे जाईल?

दुसरं, निम्म्या तारखांसाठी निवड कोण करणार? केंद्रच ना? मग दोन-तीन वर्षांत त्या शहरातले कलाकार केंद्राला आवडेल असंच काम करू लागतात. कुणी हुकूम काढावा लागत नाही, मानधनच सांगतं. १९५० साली बर्लिनमध्ये 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' ही लेखक-विचारवंतांची संघटना स्थापन झाली. तिची परिषदा-मासिकं जगभर चालली, मोठमोठे लेखक त्यांत लिहीत. १९६६-६७ मध्ये बाहेर आलं की पैसा सीआयएचा होता. त्यातल्या बहुतेकांनी विकलं जाऊन काही लिहिलं नव्हतं. ज्यांचं लिखाण आधीच सोयीचं होतं त्यांना फक्त व्यासपीठ मिळत गेलं.

आणि ज्यांना पत्रक म्हणजे निरुपद्रवी कागद वाटतो त्यांच्यासाठी पोर्तुगाल, २०१४. ब्रागा इथे युरोपातल्या चीन-अभ्यासकांची परिषद भरली होती. कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट ही चीनची भाषा-संस्कृती केंद्रं तेव्हा चालवणाऱ्या हानबान या चिनी संस्थेचं तिला काही अर्थसाहाय्य होतं. कार्यक्रमपत्रिकेत तैवानच्या एका प्रतिष्ठानचा उल्लेख आहे हे हानबानच्या प्रमुखांना खपलं नाही, आणि बऱ्याच प्रतिनिधींच्या हाती पडण्याआधी तेवढी पानं फाडली गेली. शब्दशः फाडली. तुमच्या निम्म्या तारखांचं पानही त्याच वहीत असणार आहे.

कट्टेकर

तिरकस, +१. जुगलबंदीबद्दल रंगवेडा यांच्याशीही +१. एका तालमीत 'पूर्व-पश्चिम संगम' उरकणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

स्पष्टवक्ती

तिरकस यांच्या हिशेबात कलाकार म्हणजे मातीचा गोळा. लुई आर्मस्ट्राँगचं काय करणार? अमेरिकन परराष्ट्र खातं जॅझवाल्यांना जगभर पाठवत होतं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्याच लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवलं, तेव्हा आर्मस्ट्राँगनं सोव्हिएत दौऱ्याला जाहीर नकार दिला. पैसा सरकारचा असला तरी तोंड कलाकाराचं असतं.

रंगवेडा, तुमच्या तेहरान-चिलीला मान आहे, पण ती आणीबाणीची उदाहरणं. जिथे स्थानिक कलाकाराला दुसरं दालन उपलब्ध आहे तिथे तोच नियम कशाला? आणि नियम करायचाच तर घरापासून करा. आपल्या आयसीसीआरची (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची) स्थापना मौलाना आझादांनी १९५० साली केली. परदेशांतल्या तिच्या केंद्रांत कथक, तबला, योग, हिंदी चालतं. तिथल्या यजमान देशाच्या नर्तकांना निम्म्या तारखा द्या, असा धागा कुणी काढलेला मला तरी आठवत नाही.

रंगवेडा

काढा की! मी पहिला पाठिंबा देतो. नियम सगळ्यांना सारखा.

ओसरी

तुम्ही सगळे तारखा मोजताय. माझ्या मते महिना हे मापच चुकीचं आहे. महिन्याच्या कार्यक्रमात माणूस दीड तास बसतो, टाळ्या वाजवतो, जातो. ज्यातून काही उरलं ते नेहमी लांबलचक, कंटाळवाण्या कामातून उरलं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं घ्या. मुलांना उपदेश न करता त्यांचे खरे प्रश्न मांडणारी, मोठ्या नटांनी लहान मुलं रंगवायची नाटकं. ऐंशीच्या दशकात ती मराठीत आली ती मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं आणि मॅक्स म्युलर भवनच्या, म्हणजे गोएथेच्या इथल्या केंद्राच्या मदतीनं. नुसता जर्मन प्रयोग आणून दाखवला असता तर एक संध्याकाळ बरी गेली असती. इथे रूपांतरं झाली, इथले नट तयार झाले, आणि काही वर्षांनी ती नाटकं मूळची जर्मन आहेत हे बघणाऱ्या मुलांच्या गावीही नव्हतं. यातली कुठली तारीख त्यांची आणि कुठली आपली, सांगा पाहू.

तिरकस

मान्य, पण ओसरी, असलं काम दर महिन्याच्या अहवालात कसं दाखवणार? 'उपस्थिती: बारा, सगळे तालमीला.'

पडद्यामागचा

तेच सांगायला परत आलो. लांब पल्ल्याचं काम मागायला आम्ही सगळे तयार होतो, पैसा वर्षाच्या वर मंजूर होत नाही. आणि आता तर वर्षाचीही खात्री नाही. २०२३ मध्ये गोएथेनं काटकसर म्हणून वॉशिंग्टन, रॉटरडॅम, बोर्दो, लील, तुरीन इथली केंद्रं बंद करायचं जाहीर केलं. ब्रिटिश कौन्सिल कोविडच्या वेळी घेतलेल्या सरकारी कर्जाखाली दबलेली आहे. आपण निम्म्यावर भांडतोय, तिकडे पूर्णावरच फुली मारली जातेय.

मला विचाराल तर तारखांपेक्षा चर्चेचा अर्धा तास वाचवा. एका चित्रपटानंतरचा प्रसंग सांगतो. मागच्या रांगेतल्या मुलीनं दिग्दर्शकाला विचारलं, 'तुमच्या चित्रपटातला निर्वासित शेवटी स्थिरावतो. तुमच्या देशानं यंदा आमच्यापैकी कितीजणांना व्हिसा नाकारला?' दुभाषानं ते 'शेवट आशावादी का ठेवला?' असं करून सांगितलं. दिग्दर्शक खुलला, दहा मिनिटं आशेवर बोलला. दोन्ही भाषा येणारे आम्ही चार-पाचजण एकमेकांकडे बघत बसलो. मुलगी खाली बसली नाही. माइक पुढे गेला तरी ती उभीच होती. स्थानिक माणसाला जागा द्यायची तर आधी तिचा प्रश्न आहे तसा पोचवा.

रंगवेडा

हे वाचून मागणी बदलतो. निम्म्या तारखा राहू द्या. वर्षातला एक पूर्ण महिना स्थानिक कलाकारांच्या समितीकडे, निवड त्यांची, केंद्राला नकाराधिकार नाही. मानधन पत्रकात छापायचं, पाहुण्यांचं आणि स्थानिकांचं शेजारी-शेजारी. आणि दुभाषा समितीचा. यावर काय म्हणणं?

स्पष्टवक्ती

एक महिना चालेल. मानधन छापायलाही हरकत नाही, उलट मजा येईल. फक्त राष्ट्रीय दिनाचा महिना तुम्हाला मिळणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवा.

तिरकस

आणि समितीवर कोण असणार, याचा वेगळा धागा काढा. तो हजार प्रतिसाद घेईल.